मार्थाबाईंच्या वर्षाची आमटी

मार्थाबाई गेल्या त्या दिवशी निंबवाडीत तीन चुली पेटल्या होत्या. एक प्रॉटेस्टंटांच्या दगडी चर्चच्या आवारात, एक कॅथलिकांच्या शाळेमागे आणि एक पास्टर गोरक्षनाथांच्या पत्र्याच्या शेडपुढे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं, ही रीत सगळीकडची आहे. पण निंबवाडीत शेजारी तीन चर्चचे होते आणि मार्थाबाईंवर हक्क तिघांचाही होता. जन्मानं त्या कॅथलिक. लग्न करून दगडी चर्चमध्ये आल्या आणि आयुष्यभर तिथली बालवाडी चालवली. शेवटी गुडघे धरले तेव्हा दर शुक्रवारी शेडमध्ये जाऊन बसायला लागल्या. "तिथं उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात," त्या सांगायच्या, "गुडघे मोकळे होतात." यात श्रद्धा किती आणि व्यायाम किती, हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही.

त्यामुळं मातीच्या दिवशी कबरीपाशी प्रभूची प्रार्थना सुरू झाली, तेव्हा कॅथलिक जिथं थांबतात तिथं थांबले, दगडी चर्चवाले आपल्या शेवटापर्यंत गेले आणि शेडवाले त्याच्याही पुढं जाऊन हात वर करून गाऊ लागले. नंतर तिन्ही चुलींवरची माणसं तीन दिशांनी हाका मारायला आली. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून मार्थाबाईंची लेक सुवार्ता तिन्ही ठिकाणी जेवून आली. एकही घास गिळल्याचं तिला आठवत नव्हतं.

हे असंच होणार हे मार्थाबाईंना ठाऊक होतं. नवऱ्याच्या वेळी त्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यात त्यांनी सुवार्ताचा हात धरून सांगून ठेवलं होतं, "मातीच्या दिवशी कुणी ऐकायचं नाही. पण माझ्या वर्षाला तीन चुली नकोत गं. एक पंगत कर. सगळे एका पंगतीला."

सुवार्ता हो म्हणाली होती. त्या दिवसांत तिनं आईच्या पुष्कळ गोष्टींना हो म्हटलं होतं. उद्या बरं वाटेल ना, याला हो. पाडव्याला घरी जाऊ ना, याला हो. त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. पंगत तेवढी होती.

म्हणून फेब्रुवारीत ती नगरहून, जिथं ती कॉलेजात मराठी शिकवायची, रजा टाकून आली आणि तिन्ही धर्मगुरूंना तिनं दगडी चर्चच्या आवारात, लिंबाखाली चहाला बोलावलं. सोबत आचारी मेहताबभाई होते. कोल्हारपासून बाभळेश्वरापर्यंत कुणाचंही लग्न असो, आमटी मेहताबभाईंचीच, अशी त्यांची ख्याती होती.

"तारीख कोणती?" दगडी चर्चच्या पारखे पाळकांनी विचारलं. सुवार्तानं सांगितली. पाळकांनी मोबाईलमध्ये पाहिलं. "शुक्रवार येतो."

"मग मटण नको," फादर विल्सन म्हणाले. फादर मूळचे वसईचे. निंबवाडीत येऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातला समुद्र ओसरला नव्हता. "ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार आहे. आमची माणसं मांसाला शिवणार नाहीत. कित्येक जण दिवसभर काही खाणारसुद्धा नाहीत."

"शुक्रवारी आमची उपास-प्रार्थना असती," पास्टर गोरक्षनाथ म्हणाले. "दिवस मावळूस्तोवर पान्याशिवाय काय न्हाई." या पास्टरांना नाव बदलायचा सल्ला पुष्कळांनी दिला होता. ते म्हणायचे, आईनं ठेवलंय, आणि देवाला याच नावाचा पत्ता माहीत हाय.

मेहताबभाईंनी चहाच्या कपाला हातही लावला नव्हता. तो कप त्यांनी हळूच पाळकांकडं सरकवला. "रमजान आताच लागलाय. त्या शुक्रवारी पन माझा रोजा असनार."

"अन् माझाबी शुक्रवार हाय गं!" भिंतीपलीकडून आवाज आला. आवाराच्या भिंतीला लागून मुक्ताबाईंचं घर होतं. मार्थाबाईंची ही चाळीस वर्षांची मैत्रीण. नाताळात करंज्या तिकडं जायच्या, दिवाळीत चकल्या इकडं यायच्या, आणि भिंतीवरून बोलणं तर बाराही महिने. "संतोषीमातेचा! आमटीत चिंच घातलीस तर मला चालनार न्हाई, आधीच सांगते!"

"काकी, तुम्ही ऐकत होतात?"

"ऐकत कुठं? भाजी निवडत हुते. कानाला काय दार हाय का?"

सुवार्तानं सगळ्यांकडं पाहिलं. "म्हणजे ज्या दिवशी गावाला जेवायला बोलवायचं, त्या दिवशी गावात जेवणारं कुणी नाही."

"आमचं चर्च आहे की," पारखे पाळक म्हणाले. आपल्या मंडळीला उपास नसल्याचं त्यांना पहिल्यांदाच थोडं ओशाळल्यासारखं झालं.

रविवार करावा असं निघालं. पण रविवारी तिघांच्याही उपासना, आणि त्या कधीच एका वेळी संपत नसत. शेडची तर संपली की नाही हे शेडवाल्यांनाही नक्की सांगता येत नसे. शेवटी मेहताबभाईंनीच वाट काढली.

"कुनाचाबी उपास असू द्या, सुटतो मावळतीलाच ना? मग मावळतीला पंगत बसवा. भूक सगळ्यांना एकदमच लागंल."

बेत ठरला. भाकरी, वांग्या-बटाट्याची भाजी, भात, गुळाची लापशी, आणि मुख्य म्हणजे आमटी. बिनचिंचेची.

त्या शुक्रवारी सकाळी पारखे पाळक इस्त्रीचा झगा हातावर टाकून आवारात आले, ते चेहऱ्यावर बातमी घेऊनच.

"काल रात्री समिती बसली," ते म्हणाले. "आपल्या कॅथलिक बंधुभगिनींचा उपास, शेडच्या मंडळींचा उपास, मेहताबभाईंचा रोजा, मुक्ताबाईंचा शुक्रवार. मग आपणच तेवढे खात बसायचं का? ठराव झाला. ऐक्याच्या भावनेनं आज दगडी चर्चही उपास करणार!"

सगळ्यांना भरून आलं. मेहताबभाईंनी पाळकांचा हात दोन्ही हातांत धरला. सुवार्ताची मावशी मोनिका, जी कॅथलिकांच्या बायकांची पुढारी होती, तिनं डोळ्याला पदर लावला. या ठरावानं चुलीपाशी मीठ-तिखट चाखू शकणारी शेवटची जीभ बंद केली आहे, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुपारी दोन मोठ्या देगच्यांत डाळ रटरटायला लागली. जुम्म्याच्या नमाजाला निघताना मेहताबभाई सुवार्ताला म्हणाले, "बाई, उतू जाऊ देऊ नका. बाकी मी आल्यावर बघतो."

ती एकटीच चुलीपाशी राहिली. आवारात ऊन होतं आणि डाळीचा वास. आई असती तर या वेळी कमरेला पदर खोचून इथं उभी असती, एकीकडं डाळ घोटत आणि दुसरीकडं बालवाडीतल्या कुणाच्या तरी नाकाला बोट दाखवत. सुवार्तानं उलथण्यानं डाळ हलवली. मग मिठाच्या पिशवीतून एक मूठ घेतली, टाकली, थांबली, आणि दुसऱ्या देगचीत दुसरी टाकली. नंतर पत्रावळी आणायला घरी निघून गेली.

चारच्या सुमाराला ती पत्रावळी घेऊन परतली, तोच छगनराव आले. मुक्ताबाईंचे यजमान, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांना साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी उपासाची सक्त मनाई केली होती. सगळ्यांच्या देवांनी मोकळा सोडलेला गावातला हा एकच माणूस.

"गोळी घ्यायची हाय," ते म्हणाले. "आधी पोटात काहीतरी पायजे. वाटीभर आमटी दे, बाकी राहू दे."

सुवार्तानं वाटी भरून दिली. छगनरावांनी फुंकर मारली, घोट घेतला आणि गाडी घाटात बंद पडल्यावर ड्रायव्हर उतरतो तसे सावकाश उठले. नळापाशी गेले. बराच वेळ नळाखाली तोंड धरून राहिले.

"काय झालं काका?"

"सुवार्ता," तोंड पुसत ते म्हणाले, "ह्यात डाळ टाकायची राहिली का गं? मीठच शिजलंय नुसतं."

तेवढ्यात फादर विल्सन जीपमधून उतरले. गोंधळ पाहून म्हणाले, बघू. उपास मोडू नये म्हणून त्यांनी पळीला फक्त बोट लावलं आणि बोट फक्त जिभेच्या टोकाला. फादरांचे डोळे मिटले.

"मिठागर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आमच्या वसईचं मिठागर."

बातमी भिंतीवरून पलीकडं गेली, शाळेत गेली, शेडमध्ये गेली. पाच मिनिटांत आवार भरलं. मेहताबभाई देगचीकडं असे बघत उभे होते, जणू पोटचं पोर नापास झालंय. त्यांच्या तीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं.

"शेडवाल्यांच्या बाया सारख्या ये-जा करत होत्या," मोनिकामावशी म्हणाली. "मी बघितलंय."

"आमच्या बाया प्रार्थनेत हुत्या," पास्टर गोरक्षनाथ म्हणाले. "तुमच्यातल्याच कुनीतरी केलं असंल."

"आपण चौकशी समिती नेमू," पारखे पाळक म्हणाले.

"समिती काय मीठ चाटनार हाय?" मुक्ताबाई फाटकातून म्हणाल्या.

"हे बघा," मोनिकामावशीनं पदर खोचला, "मावळतीला आता फार वेळ नाही. आमच्या शाळेत गॅस आहे, आमच्या लोकांपुरती खिचडी आम्ही तिकडं टाकतो. उगाच वाद नको."

"मग आमीबी शेडला भात लावतो," पास्टर म्हणाले. "आमच्यातबी लहान-थोर हायेत."

"तसं असेल तर आमची मंडळी इथं," पाळक म्हणाले, आणि लगेच त्यांनी सुवार्ताकडं पाहून मान खाली घातली.

सुवार्ताच्या हातात पत्रावळींचा गठ्ठा होता. तो तिनं खाली ठेवला. गेल्या वर्षी याच आवारातून ती एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर गेली होती आणि कुणाला काहीच म्हणाली नव्हती. तिचा स्वभावच तसा. वर्गातसुद्धा ती आवाज चढवत नसे, मुलंच गप्प व्हायची. आताही तिनं आवाज चढवला नाही.

"मीठ मी घातलं," ती म्हणाली. "मेहताबभाई नमाजाला गेले तेव्हा. दोन मुठी. चाखलं नाही, कारण उपास होता. चूक माझी आहे. खिचडी कुठंच टाकायची नाही."



"तू घातलंस?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मग मी कशाला घातलं?"

"तुम्ही?"

"वाटीभर. दोन्हीत." मुक्ताबाईंनी पदराचं टोक चोळलं. "माझ्यापायी चिंच न्हाई पडली. जिवाला लागलं माझ्या. म्हनलं, चिंच न्हाई तर मीठ तरी चांगलं असू दे. मार्थाची आमटी माझ्यामुळं अळनी नको."

सुवार्तानं मावशीकडं पाहिलं. मोनिकामावशी आभाळाकडं बघत होती.

"मावशी?"

"तीन मुठी," मोनिकामावशी म्हणाली. "आपली पद्धत आहे ती. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

"मोनिकाबाई," फादर विल्सननी विचारलं, "आमेनची नाही ना टाकली?"

"चिमूटभर."

पास्टर गोरक्षनाथांनी खाकरून घसा साफ केला. "मी चुलीजवळनं चाललो हुतो. आतून वाणी झाली. गोरक्षा, मीठ न्हाई."

"वाणी कुणाची होती पण?" पाळकांनी विचारलं.

"तवा शंका न्हवती. आता यायला लागलीय. पन साहेब, तुमचा हात पांढरा कशानं दिसतोय?"

पारखे पाळकांनी हात मागं घेतला. "मी समितीला विचारून टाकणार होतो," ते म्हणाले. "समिती जागेवर नव्हती."

"आन मी आलो नमाजावरनं," मेहताबभाईंना आता बोलल्यावाचून राहवेना, "आन दोन देगचीचं पुरं मीठ हिशोबानं टाकलं! मला काय ठावं, गावानं आधीच हिशोब केलाय!"

छगनराव लिंबाच्या पारावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "आन लोक म्हनत्यात, निंबवाडीत एकी न्हाई."

पहिल्यांदा मुक्ताबाईंना हसू फुटलं. मग फादरांना. मग ते असं पसरत गेलं की मेहताबभाईसुद्धा देगचीच्या कडेला टेकून खांदे हलवायला लागले. सुवार्तानं तोंड फिरवलं. ती हसत होती की दुसरं काही, हे कुणी पाहायला गेलं नाही.

"झालं ते झालं," शेवटी मेहताबभाई म्हणाले. "मीठ काढता येत न्हाई. आमटी वाढवता येती. डाळ पायजे. पानी पायजे. बटाटे पायजेत. आन भांडी."

"तूर घरचीच हाय, यंदाची," मुक्ताबाई म्हणाल्या आणि निघाल्याही. मोनिकामावशीनं शाळेतल्या वसतिगृहाच्या मोठ्या देगच्या काढून दिल्या. शेडमधून शेगड्या आल्या. दगडी चर्चची समिती, जी एरवी ठरावाशिवाय हलत नसे, ती बटाटे सोलायला बसली. भाकऱ्या तर गावभर थापल्या जात होत्या. पाळक मध्येच चमकून म्हणाले, "अहो, तीन नकोत म्हणता म्हणता पाच चुली झाल्या की!" त्यावर मुक्ताबाईंनी परातीतून मान वर न करता त्यांना सांगितलं, "चुली नका मोजू साहेब. पंगत एक करा म्हंजे झालं."

आमटी खाण्याजोगी झाली तेव्हा दोनाच्या सहा देगच्या झाल्या होत्या. छगनराव दर अर्ध्या तासानं वाटी घेऊन चव सांगत होते. सबंध आयुष्यात त्यांच्या मताला इतकी किंमत कधी आली नव्हती. "आता बरी हाय. आता चांगली हाय. आता उतरा." मग मात्र त्यांनी सहा देगच्यांकडं पाहिलं. "पन हे खानार कोन?"

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. सगळं गाव बसलं तरी अर्ध्यावर आमटी उरणार होती. मार्थाबाईंच्या वर्षाची आमटी ओढ्यात ओतायची?

"कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या हायेत," पास्टर गोरक्षनाथ म्हणाले. "चार महिनं झालं, इथंच हायेत. बीडकडची मानसं. त्यांना कुनी बोलावलंय कधी?"

कुणी बोलावलं नव्हतं. हे सगळ्यांना एकदमच जाणवलं आणि कुणाला आवडलं नाही.

"ओळख ना पाळख," पाळक पुटपुटले. "आणि आता मावळत आली. तिथपर्यंत निरोप जाणार कसा?" मग त्यांच्या तोंडावर एक अवघड विचार आला. तो त्यांनी गिळायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "पास्टर, तुमचा तो... स्पीकर."

"त्याची तुमीच तर ग्रामपंचायतीत तक्रार दिली हुती."

"तक्रार आवाजाची होती," पाळक म्हणाले. "आता आवाज पाहिजे."

थोड्याच वेळात शेडवरच्या स्पीकरनं नदीपलीकडच्या बगळ्यांना उठवलं. "परमेश्वराची स्तुती असो! दगडी चर्चच्या आवारात मार्थाबाईंच्या वर्षाचं जेवन हाय! कोन कुठला, कोन कुनाचा, कुनी विचारनार न्हाई! आमटी लई हाय! लई म्हंजे लई हाय! हालेलुया!"

फादरांची जीप कारखान्याच्या रस्त्याला गेली ती परत आली तेव्हा तिच्यामागं दोन ट्रॅक्टर होते, आणि ट्रॅक्टरमागं चालत येणारी माणसं. अंगाला उसाची टोचरी कूस लागलेली, बायकांच्या कडेवर पोरं, हातात आपापल्या जर्मनच्या ताटल्या. न जाणो, तिथं ताटं कमी पडली तर. आवार भरलं. फाटक भरलं. तरी माणसं येतच होती.

"आत बसवावं लागेल," सुवार्ता म्हणाली.

पारखे पाळक चर्चच्या दारात उभे होते. त्यांच्या डोक्यावर पाटी होती. चपला आणि खाण्याचे पदार्थ आत आणू नयेत, असं तीवर त्यांच्याच सहीनिशी रंगवलेलं होतं. त्यांनी पाटीकडं पाहिलं, मग पायऱ्यांखाली चिखलाच्या पायांनी उभ्या असलेल्या माणसांकडं.

"सुवार्ता, तुझ्या आईनंच या फरश्या पुसल्यात," ते म्हणाले. "उपासना-मंदिरात जेवण, म्हणजे... दीडशे वर्षांत झालेलं नाही."

"झालंय की," फादर विल्सन मागून म्हणाले. "भाकर मोडून वाटता ना तुम्ही प्रभुभोजनाला? आम्हीही वाटतो. जेवणच आहे ते. आपण फार लहान घास देतो, एवढंच."

पाळकांनी बाह्या सारल्या. मग त्यांनी पाटी खिळ्यावरून उतरवली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. "सही माझीच आहे," ते म्हणाले. "समितीला उद्या कळवतो."

बाकडी बाहेर काढायला समितीला एक तास लागला असता. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या हातांनी ती दहा मिनिटांत बाहेर नेली. सतरंज्या अंथरल्या. वेदीच्या पायरीपासून पंगत सुरू झाली, मधल्या वाटेनं दारातून बाहेर आली, पायऱ्या उतरली, लिंबाला वळसा घालून फाटकापर्यंत गेली. मेहताबभाईंनी दोन टोकांना दोन वेळा जाऊन पाहिलं आणि सुवार्ताला येऊन सांगितलं, "एकच हाय. मधी कुठं तुटत न्हाई."

मुक्ताबाई मात्र पायरीवरच बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्या तिथंच बसत आल्या होत्या. मार्थाबाई आत उपासनेला आणि त्या बाहेर पायरीवर, उपासना संपली की दोघी मिळून बाजाराला.

"काकी, आत या ना."

"येऊ?" मुक्ताबाईंनी विचारलं. कपाळावरच्या कुंकवाला त्यांचा हात नकळत लागला. "चालतं तुमच्यात?"

"न चालायला काय झालं? आई कधी म्हणाली नाही?"

"ती म्हनायची, मुक्ते, तुला चालायचं न्हाई म्हनून मी आग्रह करत न्हाई. आन मी म्हनायचे, हिला अवघड नको, म्हनून मी बसते हितंच." मुक्ताबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून दोन पायऱ्या चढल्या आणि दारात थांबून आत पाहिलं. "एवढंच हाय व्हय आत? मला वाटलं लई काय असंल."

मशिदीकडून अजान आली. मेहताबभाईंनी पायरीवर बसून खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि नमाजाला निघाले. "सुरू करा, मी आलोच."

"तुम्ही आल्याशिवाय नाही," पाळक म्हणाले. आणि सबंध पंगत, समोर गरम आमटी असताना, एका आचाऱ्याची वाट पाहत बसून राहिली. तो परत आला, तर आता प्रार्थनेचं अडलं.

"फादर, तुम्ही करा. तुम्ही वडील."

"छे छे, यजमान तुम्ही. पास्टरांना सांगा."

"मी केली तर लांबंल साहेब. तुमीच."

"अहो, तुम्हीच."

"गाडीत तीन ड्रायव्हर झाले," छगनराव ओरडले, "की ती दरीत जाती! एकानं धरा स्टिअरिंग!"

पारखे पाळकांनी धरलं. दगडी चर्चमध्ये त्यांच्या इतकी लांब प्रार्थना कुणी करत नसे. पण आज ते स्वतःही पहिल्यांदाच उपाशी होते, त्यामुळं प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली. संपली की नाही ते लोकांना कळेपर्यंत त्यांचा घास तोंडात गेला होता.

सुवार्ता आमटीची बादली घेऊन वाढत निघाली. वेदीपासून दारापर्यंत, दारातून पायऱ्यांवर. फाटकाजवळ एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. सुवार्ताच्याच वयाची असेल, पण हात पन्नाशीतले दिसत होते. शेजारची तिला रेश्मा म्हणून हाक मारत होती. तिनं आमटीत भाकरी कुस्करली, घास घेतला आणि वर पाहिलं.

"ताई, थोडं मीठ भेटंल का? आळनी लागायली."

आसपासची सगळी माणसं एकदम थांबली. मोनिकामावशीचा हात कमरेला खोचलेल्या मिठाच्या पुडीकडं गेला आणि मध्येच थबकला. सुवार्तानं स्वतः चिमूटभर मीठ आणून तिच्या ताटाच्या कडेला ठेवलं.

रेश्मानं ते कालवलं. "हां. आता झालं." मग तिनं पंगतीवर नजर टाकली, आत चर्चच्या उजेडापर्यंत. "कशाचं जेवन म्हनायचं हे? लगीन हाय का?"

"नाही. आईचं आहे."

"आई कुठशी बसल्यात?"

सुवार्ताच्या हातातली पळी बादलीवरच राहिली. वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांनी पाहिलं होतं. कॉलेजात ती पोचायच्या आधीच फोन पोचला होता आणि सगळे आवाज खाली करून बोलत होते. ते एक वाक्य तोंडानं म्हणायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती.

"ती नाही," सुवार्ता म्हणाली. "गेली. आज वर्ष झालं."

रेश्मा चुकचुकली नाही. तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि ताटली पुढं केली. "मंग वाढा अजून. तिच्या नावाचं हाय तर अर्ध्या पोटी उठू ने."

सुवार्तानं वाढलं. एक पळी, आणि अजून एक.

"आन तुमी कवा जेवनार?" रेश्मानं गुडघा आवरून शेजारी हातभर जागा केली. "बसा हितं."

सुवार्तानं बादली मोनिकामावशीच्या हाती दिली आणि ती खाली बसली. कुणीतरी तिच्यापुढं पत्रावळ टाकली. भाकरी आली.

"नाव काय हुतं आईचं?"

"मार्था."

"मारता?"

"मार्था."

"मार्था," रेश्मानं एकदा म्हणून पाहिलं. मग भाकरीचा बारीक घास करून तो आमटीत बुडवला आणि मांडीवरच्या पोराच्या तोंडाशी नेला. "आ कर. मार्थाआज्जीचं हाय, खा."